हातापायाच्या हाडाचा कॅन्सर: शस्त्रक्रियेचा पर्याय कसा ठरवायचा

गुडघ्याजवळची सूज, रात्री वाढणारे दुखणे आणि एक्स-रे बघून डॉक्टरांनी उच्चारलेला 'गाठ' हा शब्द. एवढे झाले की घरातले सगळे एकच विचारतात: पाय कापावा लागेल का? हाडांच्या कॅन्सरवर नेहमी काम करणाऱ्या केंद्रांत आज बहुतेक रुग्णांचा हात किंवा पाय वाचतो. पण विचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जीव, मग तो अवयव, मग त्या अवयवाचे काम. हा क्रम उलटला की चुका होतात, आणि त्यातल्या बऱ्याच शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी झालेल्या असतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

पायरी १: बायोप्सीआधी (गाठीचा तुकडा काढून तपासण्याआधी) काय करू नये

दुखऱ्या जागेला मालिश, लेप, शेक, हाडवैद्याकडून 'हाड बसवणे' हे सगळे लगेच थांबवा. गाठीवर दाब पडला की रक्तस्राव होतो, कमजोर हाड मोडू शकते आणि गाठ आसपास पसरण्याचा धोका वाढतो.

किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल तर जास्तच सावध राहा. गाठीमुळे मोडलेल्या हाडात साधे फ्रॅक्चर समजून सळी घातली, तर सळीसोबत कॅन्सरच्या पेशी हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. वाचू शकला असता असा पाय त्यामुळे गमवावा लागतो. अशा वेळी प्लास्टर किंवा स्प्लिंट लावून हाड स्थिर ठेवणे पुरेसे असते. फ्रॅक्चर झाले म्हणजे पाय कापावाच लागतो, हेही खरे नाही. केमोने गाठ आवळली आणि हाड जुळू लागले तर पाय वाचवता येतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वारंवार होते. हाडाचा टीबी किंवा जंतुसंसर्ग समजून तपासणीशिवाय महिनोन्महिने गोळ्या दिल्या जातात. टीबी असूही शकतो, पण ते बायोप्सीने ठरावे. म्हणून काढलेल्या तुकड्याचा एक भाग पॅथॉलॉजीला आणि एक भाग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला, पाठवायचा असतो.

पायरी २: आधी एमआरआय, मग बायोप्सी

क्रम हाच ठेवा. आधी बायोप्सी केली तर तिथल्या सुजेमुळे आणि रक्तामुळे एमआरआयमध्ये गाठीची खरी हद्द कळत नाही. एमआरआय फक्त गाठीचा नको, वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत पूर्ण हाडाचा हवा. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरमध्ये मुख्य गाठीपासून दूर, त्याच हाडात, दुसरी छोटी गाठ लपलेली असू शकते. अर्ध्या हाडाच्या एमआरआयमध्ये ती सुटते. सोबत छातीचा सीटी स्कॅन, कारण हा आजार सर्वांत आधी फुफ्फुसात जातो, आणि बोन स्कॅन किंवा पेट-सीटी.

बायोप्सी जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे तिथेच करून घ्या. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे. सुई ज्या वाटेने गाठीपर्यंत गेली, त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेत कातडीवरच्या छिद्रापासून आतपर्यंतची ती पूर्ण वाट गाठीसोबत काढावी लागते. सर्जनच्या नियोजित छेदाच्या रेषेवरच बायोप्सी झाली असेल तर हे सोपे जाते. भलत्याच बाजूने किंवा आडवा छेद घेऊन झाली असेल, तर जास्त कातडी आणि स्नायू काढावे लागतात. कधी मुख्य नसा (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्याच त्या वाटेत येतात, आणि पर्याय एकदम कमी होतात. खांद्याजवळच्या गाठीत हे ठळकपणे दिसते. तिथे सुई डेल्टॉइड स्नायूच्या पुढच्या भागातून जायला हवी. डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्यामधल्या खाचेतून गेली तर तो सगळा पट्टा दूषित होतो.

जाड सुईने केलेली बायोप्सी बहुधा पुरते आणि भूल फक्त तेवढ्या जागेपुरती लागते. आधीच दुसरीकडे झाली असेल तर कागदी रिपोर्टवर भागत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. नवे केंद्र ते पुन्हा तपासल्याशिवाय उपचार सुरू करत नाही.

पायरी ३: कोणता आजार आहे ते नीट समजून घ्या

'हाडाचा कॅन्सर' या एका नावाखाली बरेच वेगवेगळे आजार येतात, आणि प्रत्येकात शस्त्रक्रियेची जागा निराळी असते.

ऑस्टिओसार्कोमा बहुतेक १० ते २० वयात, गुडघ्याच्या वर किंवा खाली होतो. आधी केमो, साधारण अडीच-तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. यात रेडिएशनने शस्त्रक्रियेची जागा भरून निघत नाही.

युइंग सार्कोमामध्येही केमोने सुरुवात होते, पण हा आजार रेडिएशनला दाद देतो. गाठ काढायची, रेडिएशनने शेकायची की दोन्ही करायचे हे जागेवर ठरते. सहज आणि पूर्ण काढता येत असेल तर शस्त्रक्रियेला पसंती असते.

कॉन्ड्रोसार्कोमा मोठ्या वयात होतो. नेहमीच्या प्रकारात केमो आणि रेडिएशनचा फारसा उपयोग नसतो, म्हणून सगळी भिस्त शस्त्रक्रियेवर. इथे गाठीभोवती निरोगी भागाचा काठ अपुरा राहिला तर पुढे सावरून घेणारे दुसरे औषध नाही.

जायंट सेल ट्यूमर हा कॅन्सर नाही. तो बहुतेक वेळा खरवडून काढून पोकळीत सिमेंट भरता येतो. नुसती 'गाठ' ऐकून पाय कापायला तयार झालेल्या माणसाचे निदान हे निघू शकते.

चाळिशीनंतर हाडात सापडलेला कॅन्सर बऱ्याचदा स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो. तिथे दुखणे थांबवून हाड मजबूत करणे हा हेतू असतो आणि सळी योग्यही असते. पण हाडात एकच गाठ असेल तर बायोप्सी न करता सळी घालू नये, मग वय काहीही असो.

पायरी ४: अवयव वाचेल का, हे कशावर ठरते

कॅन्सरची गाठ उघडी पाडून काढत नाहीत. तिच्याभोवती निरोगी स्नायूचे आवरण ठेवून, हाड गाठीच्या हद्दीपलीकडे साधारण २ ते ३ सेंटीमीटरवर कापून, सगळे एकसंध बाहेर काढतात. सर्जनला शस्त्रक्रियेत गाठ दिसताच कामा नये. असा निरोगी काठ मिळणार असेल तरच अवयव वाचवण्याचा विचार करायचा.

त्यानंतर चार गोष्टी तपासायच्या: हाड, मुख्य रक्तवाहिन्या, मुख्य नसा, आणि वरून झाकायला स्नायू व कातडी. हाडाला पर्याय आहे. रक्तवाहिनी कापून बायपास जोडता येतो. कातडीसाठी प्लास्टिक सर्जन दुसरीकडचा स्नायू आणू शकतात. नसेला मात्र खरा पर्याय नाही. चारपैकी एक गेली तर पाय वाचवणे जमते. दोन गेल्या तर कठीण होते. तीन गेल्यावर जे उरते ते शरीराला चिकटलेले पण काम न करणारे ओझे असते, आणि त्यापेक्षा चांगला कृत्रिम पाय बरा.

हात आणि पाय यांना मात्र एकच माप लावू नका. संवेदना असलेला, दोन-तीन बोटे हलणारा हात कोणत्याही कृत्रिम हातापेक्षा उपयोगी असतो. म्हणून हात वाचवण्यासाठी जास्त धडपड करण्यात अर्थ आहे. पायाच्या बाबतीत, विशेषतः घोटा आणि तळपायाच्या गाठीत, गुडघ्याखाली पाय काढून कृत्रिम पाय लावणारी व्यक्ती बऱ्याचदा पाय 'वाचवलेल्या' व्यक्तीपेक्षा वेगाने आणि कमी वेदनेत चालते.

जीवाच्या दृष्टीने सांगायचे, तर योग्य रुग्णात योग्य काठ ठेवून पाय वाचवला तर त्याची आयुष्याची शक्यता पाय कापलेल्या रुग्णाइतकीच राहते. जागेवर गाठ परत येण्याचा धोका थोडा जास्त असतो. 'पाय कापला म्हणजे कॅन्सर मुळापासून गेला' हा समज चुकीचा आहे, कारण आयुष्य बहुतेक वेळा फुफ्फुसातल्या आजारावर ठरते. फुफ्फुसात गाठी सापडल्या म्हणून पायाची शस्त्रक्रिया व्यर्थ ठरत नाही. थोड्या असतील तर त्याही काढता येतात.

पायरी ५: हाड काढल्यावर त्या जागी काय

सगळ्यात सोपे उत्तर म्हणजे काहीच नाही. पोटरीचे बारीक हाड, गळ्याजवळचे हाड, मनगटाजवळचा कोपराच्या हाडाचा भाग हे काढून तसेच सोडले तरी काम बरेचसे चालते. यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर कारण विचारा.

*धातूचा मोठा कृत्रिम सांधा, म्हणजे मेगाप्रोस्थेसिस.* मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक, खुबा आणि खांदा यांसाठी हा आज सर्वाधिक वापरला जातो. याचे मोठे बळ म्हणजे वेग. सिमेंटने बसवला असेल तर काही दिवसांतच वॉकर घेऊन वजन टाकून चालता येते आणि केमो वेळेवर पुन्हा सुरू होतो. नडगीच्या वरच्या टोकाला वेळ लागतो. गुडघ्याच्या वाटीला धरणारा स्नायुबंध तिथून सोडवून सांध्याला पुन्हा शिवावा लागतो आणि पोटरीचा स्नायू फिरवून त्यावर आणावा लागतो. म्हणून साधारण ६ आठवडे गुडघा ब्रेसमध्ये सरळ ठेवतात. घाई करून तो आधी वाकवला तर स्नायुबंध सुटतो, आणि पाय स्वतःहून सरळ करता येत नाही.

या सांध्यासोबत राहणी बदलावी लागते आणि ते आधीच सांगायला हवे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, धावणे, उड्या मारणे बंद. घरात भारतीय संडास असेल तर कमोड खुर्चीची सोय डिस्चार्जच्या आधी करा. जमिनीवर बसून स्वयंपाक किंवा शेतातली खुरपणी जमणार नाही. खांद्याच्या सांध्यात कोपर आणि पंजा पूर्ण काम करतात, लिहिणे-जेवणे होते, पण हात खांद्यावर उचलून वेणी घालणे किंवा फळीवरचा डबा काढणे बहुधा जमत नाही.

बिघडते काय? सर्वांत वाईट म्हणजे जंतुसंसर्ग. तो साधारण दहातल्या एकाला होतो, नडगीत त्याहून जास्त. मग सांधा काढून, त्या जागी प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट ठेवून, काही आठवड्यांनी नवा सांधा बसवावा लागतो. तरी आटोक्यात आला नाही तर पाय कापण्याची वेळ येते. याशिवाय वर्षांनुवर्षे वापरून दांडी सैल होते, सांध्यातले प्लास्टिकचे अस्तर (बुशिंग) झिजते, कधी धातू तुटतो. १५ वर्षांच्या मुलाला बसवलेला सांधा आयुष्यभर तसाच राहील असे धरून चालू नका. पुढे एक-दोन शस्त्रक्रिया होतील असा हिशेब ठेवा.

*स्वतःचेच हाड रेडिएशनने शेकून परत बसवणे.* गाठ हाडाच्या मधल्या भागात असेल आणि दोन्हीकडचे सांधे वाचत असतील, तर हा फार चांगला आणि स्वस्त मार्ग आहे. हाडाचा तुकडा काढतात, त्यावरची गाठ आणि मांस खरवडतात, निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून रेडिएशन विभागात एकाच वेळी ५० ग्रे (रेडिएशनचे माप) मात्रा देतात, आणि त्याच भूलेत परत बसवून प्लेट-स्क्रूने जोडतात. काही केंद्रे रेडिएशनऐवजी द्रव नायट्रोजनमध्ये २० मिनिटे गोठवतात. हाड त्याच मापाचे असल्याने नेमके बसते. मात्र गाठीने पोखरलेले किंवा मोडलेले हाड यासाठी चालत नाही. आणि संयम लागतो. हाडाची दोन्ही टोके जुळायला ६ महिने ते वर्षही लागते, तोवर कुबड्या. 'आता दुखत नाही' म्हणून कुबड्या टाकल्या की प्लेट तुटते. त्या हाडाच्या आत रुग्णाच्याच पोटरीचे बारीक हाड रक्तवाहिनीसह बसवले तर जुळणी लवकर होते, पण शस्त्रक्रिया लांबते.

दात्याचे हाड हाही पर्याय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी (दात्यांच्या ऊती साठवणारी पेढी) आहे. लहान पोकळ्या भरायला दात्याचे हाड चांगले. लांब तुकड्यांत मात्र न जुळणे, मोडणे आणि संसर्ग या अडचणी येतात.

पायरी ६: मूल वाढीच्या वयात असेल तर हिशेब मांडा

मांडीच्या हाडाचे खालचे टोक वर्षाला साधारण ९ मिलिमीटर वाढते, नडगीचे वरचे टोक ६ मिलिमीटर. मुलींची वाढ साधारण १४ व्या, मुलांची १६ व्या वर्षी थांबते. १० वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाचे खालचे टोक काढले, तर उरलेली ६ वर्षे गुणिले ९, म्हणजे सुमारे साडेपाच सेंटीमीटर कमी पडणार. तेच १३ वर्षांच्या मुलीत जेमतेम १ सेंटीमीटर.

२-३ सेंटीमीटरपर्यंतचा फरक शस्त्रक्रियेतच पाय थोडा लांब ठेवून, बुटाला उंची देऊन किंवा दुसऱ्या पायाची वाढ वेळेवर थांबवून निभतो. त्याहून जास्त असेल तर वाढवता येणारा सांधा. त्याचा एक प्रकार छोट्या छेदातून स्क्रू फिरवून वाढवतात आणि दुसरा बाहेरून चुंबकाने. दुसऱ्यात वारंवार भूल लागत नाही, पण किंमत कितीतरी पटींनी जास्त, आणि दोन्हींत बिघाड नेहमीच्या सांध्यापेक्षा अधिक.

लहान मुलांच्या बाबतीत एक पर्याय ऐकताच पालक नको म्हणतात, आणि तो नीट समजून घेतला जात नाही याचे वाईट वाटते: रोटेशनप्लास्टी. गुडघ्यासकट गाठीचा भाग काढतात, पण मुख्य नस अखंड ठेवतात. खालचा पाय वर आणून १८० अंशात फिरवून मांडीला जोडतात. टाच पुढे येते आणि घोटा गुडघ्याचे काम करतो. तळपाय कृत्रिम पायात बसतो. ही शस्त्रक्रिया बोर्गग्रेव्ह यांनी १९३० मध्ये टीबीच्या रुग्णासाठी वर्णिली होती. कॅन्सरसाठी ती नंतर वापरात आली. दिसायला ती विचित्र वाटते, हे खरेच. पण मूल धावते, सायकल चालवते, आत धातूचा सांधा नसल्याने तो बदलण्याची चिंता राहत नाही, आणि नस कापलेली नसल्याने नसलेला पाय दुखण्याचा त्रास सहसा होत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी आमच्या मते हा पर्याय नाकारण्याआधी, तो घेतलेल्या मुलाला चालताना निदान व्हिडिओत तरी बघा. संमती देताना मुलालाही समजेल अशा शब्दांत सांगा. शुद्धीवर आल्यावर त्याला पहिल्यांदा कळता कामा नये.

पायरी ७: पाय किंवा हात काढणे हाच मार्ग असेल तेव्हा

मुख्य नस आणि रक्तवाहिनी दोन्ही गाठीत गुरफटलेल्या, केमो चालू असताना वाढतच गेलेली गाठ, कातडी फोडून बाहेर आलेली आणि संसर्ग झालेली जखम, चुकीच्या शस्त्रक्रियेने चहूकडे पसरलेला आजार: अशा वेळी अवयव काढणे हाच जीव वाचवणारा उपचार असतो. त्यात महिना-दोन महिने 'दुसरे काही बघू' म्हणून घालवले तर केमोने मिळवलेले सगळे हातचे जाते.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी कृत्रिम पायाचा दर्जा ठरवते. उरलेल्या भागाला क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधा, टोकाकडे घट्ट आणि वर सैल. गोल फेरे घेतले तर टोकाला सूज येते. मांडीखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट लागत नाही. त्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा २० मिनिटे पालथे झोपा. जखम भरल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी पहिला, तात्पुरता पाय लावता येतो. केमोत वजन वर-खाली होते, म्हणून कायमचा सॉकेट (उरलेला भाग ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा साचा) केमो संपल्यावर बनवा. नसलेल्या पायाचे दुखणे खरे असते, मनाचा खेळ नव्हे. त्यावर गोळ्या आणि आरशासमोरचे व्यायाम आहेत, ते मागा. जयपूर फूटची केंद्रे, मुंबईतल्या हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र ही विचारायची ठिकाणे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी या सरकारी दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करा.

पायरी ८: तारीख, पैसे, सोय

शस्त्रक्रियेची तारीख केमोच्या वेळापत्रकात बसवलेली असते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सावरल्यावर ती घेतात आणि जखम भरताच, साधारण २-३ आठवड्यांत, केमो पुन्हा सुरू होतो. म्हणून तारीख सण, परीक्षा, लग्न यांसाठी पुढे ढकलू नका.

सांध्याचा खर्च देशी की परदेशी यावर फार बदलतो. चांगले देशी सांधे उपलब्ध आहेत आणि बहुतेक प्रौढांना ते पुरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, आणि सांध्याची किंमत त्यात धरली आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. शस्त्रक्रिया मंजूर आणि सांधा बाहेरून, असेही होते. रक्कम आधी भरली तर परत मिळवणे कठीण, म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आणि समाजसेवा विभागाला दाखल होण्यापूर्वीच भेटा. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अनेकांना आधार देते.

पायरी ९: रिपोर्ट आणि पुढची वर्षे

काढलेल्या हाडाच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. पहिली, काठ स्वच्छ आहे का. दुसरी, केमोने गाठीचा किती भाग मेला. ऑस्टिओसार्कोमात ९० टक्के किंवा अधिक असेल तर केमोला चांगला प्रतिसाद मानतात.

पहिली दोन वर्षे साधारण दर ३ महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा छाती आणि त्या अवयवाची तपासणी होते. सांधा असेल तर ताप, जखमेतून पाणी येणे, चालताना नव्याने सुरू झालेली कळ किंवा 'कट' असा आवाज यांपैकी काही जाणवले तर वाट बघत बसू नका. दात किडला, पायाला फोड आला, लघवीला जळजळ झाली तरी लगेच उपचार घ्या, कारण रक्तातून जंतू धातूपर्यंत पोहोचतात. आणि संशय आला तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून प्रतिजैविके सुरू करण्याआधी मूळ केंद्राला फोन करा. सांध्यातले पाणी काढून कोणता जंतू आहे ते ठरण्याआधी गोळ्या पोटात गेल्या, तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि नेमके औषध निवडता येत नाही.